सिएटलची कौन्सिल, अमेझॉनचे पैसे आणि कंपन्यांचे ‘हक्क’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात मराठी माणसं भरपूर, त्यातली बरीचशी टेक कंपन्यांत, त्यामुळे शहराच्या इलेक्शनमध्ये कंपन्यांनी पैसे घालावेत का हा विषय निघाला की ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात. दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी वकील नाही, पण हा विषय मला खूप महत्त्वाचा वाटतो आणि बरीच वर्षं फॉलो करतोय.

मुळात झालं काय? दोन मिनिटांत सांगा.

सिएटल सिटी कौन्सिल म्हणजे फक्त 9 जणांची सभा. आपल्याकडच्या महापालिकांसारखे शेकड्यांनी नगरसेवक नाहीत. 7 जण डिस्ट्रिक्टमधून येतात, 2 अख्ख्या शहरातून. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये डिस्ट्रिक्टच्या सातही सीटचं इलेक्शन एकदम होतं, म्हणजे कौन्सिलचं बहुमत एका झटक्यात बदलू शकलं असतं. अमेझॉनने त्या वर्षी चेंबर ऑफ कॉमर्स या व्यावसायिकांच्या संघटनेच्या पॅकला (पॅक म्हणजे निवडणुकीसाठी पैसा गोळा करून खर्च करणारा गट, याचं नाव केस) साधारण 15 लाख डॉलर दिले, त्यातले 10 लाखांहून जास्त तर मतदानाला तीन-चार आठवडे उरले असताना एकरकमी. त्या पॅकच्या एकूण पैशात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अमेझॉनचा. शहराच्या इलेक्शनला असली रक्कम कोणी पाहिली नव्हती. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले सिनेटर बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन यांनीही त्यावर टीका केली, म्हणजे गल्लीतलं इलेक्शन एकदम देशपातळीवर गेलं.

अमेझॉनला नगरसेवकांत एवढा इंटरेस्ट कशाला?

टॅक्स. हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

सिएटलमध्ये घरभाडं परवडत नाही, रस्त्यावर तंबू टाकून लोक राहतात, हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. मे 2018 मध्ये कौन्सिलने 9-0 मतांनी एक टॅक्स पास केला : वर्षाला 2 कोटी डॉलरपेक्षा जास्त धंदा करणाऱ्या कंपन्यांनी दर कर्मचाऱ्यामागे 275 डॉलर द्यायचे, आणि तो पैसा परवडणारी घरं आणि बेघरांच्या सोयींवर खर्च करायचा. अंदाज होता वर्षाला 4.7 कोटी डॉलरचा, आणि त्यातला एक कोटीच्या वरचा भाग एकट्या अमेझॉनकडून आला असता. मूळ प्रस्ताव याहून मोठ्या रकमेचा होता. चर्चा चालू असतानाच अमेझॉनने डाउनटाउनमधल्या एका नव्या टॉवरच्या प्लॅनिंगचं काम थांबवलं आणि बोलणी होऊन रक्कम खाली आली. तरी विरोध थांबला नाही, टॅक्स रद्द करायला सार्वमत घ्यावं म्हणून कंपन्यांच्या पैशावर सह्या गोळा व्हायला लागल्या आणि 12 जून 2018 ला, म्हणजे महिनाही झाला नव्हता तोवर, त्याच कौन्सिलने तो टॅक्स 7-2 ने मागे घेतला. ज्यांनी आधी हो म्हटलं होतं त्यातल्याच सात जणांनी.

मग 2019 चं इलेक्शन आलं. आता सांगा, पंधरा लाख कशासाठी होते?

पण उमेदवाराला 500 डॉलरच्या वर देता येत नाहीत ना? मग हे लाखो कसे?

बरोबर, तेव्हा उमेदवाराच्या हातात एका दात्याने द्यायची मर्यादा 500 डॉलर होती. पण पॅकला दिलेले पैसे उमेदवाराच्या हातात जात नाहीत. पॅक स्वतःच पत्रकं छापतं, जाहिराती करतं, दारोदार माणसं पाठवतं, फक्त उमेदवाराशी ठरवून करायचं नाही एवढीच अट. याला स्वतंत्र खर्च म्हणतात आणि त्याला वरची मर्यादा नाही.

असं का, तर कोर्टाचे तीन निकाल एकावर एक बसलेत. 1976 चा बकली विरुद्ध व्हॅलेओ : निवडणुकीत पैसा खर्च करणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग, त्यामुळे देणगीवर मर्यादा चालेल, खर्चावर चालणार नाही. 21 जानेवारी 2010 चा सिटिझन्स युनायटेड, 5-4 ने, निकाल जस्टिस केनेडींनी लिहिला : कंपनी आणि युनियनच्या स्वतंत्र खर्चावर बंदी घालता येणार नाही. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाचा स्पीचनाऊ : असा खर्च करणाऱ्या गटांना कोण किती देतं यावरही मर्यादा नको. अमर्याद पैसा घेऊ शकणारे गट, म्हणजे सुपर पॅक, जन्माला आले ते तिथून.

एक बारकावा सांगायलाच हवा, कारण बरेच जण चुकीचं फॉरवर्ड करतात. वॉशिंग्टन राज्यात कंपन्यांच्या अशा खर्चावर 2010 च्या आधीही बंदी नव्हती. म्हणजे सिटिझन्स युनायटेडने इथे दार उघडलं असं नाही, दार उघडंच होतं. त्या निकालाने झालं असं की उद्या लोकांनी ते बंद करायचं ठरवलं तरी बंद करता येणार नाही.

कंपनी म्हणजे माणूस हे अमेरिकेत कधी ठरलं?

याची गोष्ट एका काउंटीच्या टॅक्सवरूनच सुरू होते, आणि ती काउंटी म्हणजे सांता क्लारा, जिथे आज निम्मी सिलिकॉन व्हॅली आहे आणि आपले कितीतरी नातेवाईक राहतात. 1886 मध्ये काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे असा खटला सुप्रीम कोर्टात गेला, भांडण होतं रेल्वेच्या कुंपणावर टॅक्स कसा लावायचा याचं. चीफ जस्टिस वेट यांनी सुनावणीआधी म्हटलं की 14 वी घटनादुरुस्ती (कायद्याचं समान संरक्षण देणारी) कंपन्यांना लागू होते का यावर आम्हाला युक्तिवाद ऐकायचा नाही, ती लागू होते असं आमचं सगळ्यांचं मत आहे. कोर्टाच्या रिपोर्टरने हे वाक्य निकालाच्या वर टिपणात छापलं. निकालात त्यावर एक ओळ नाही, पण पुढे वर्षानुवर्षं वकील तोच आधार देत राहिले. ही दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना हक्क मिळावेत म्हणून झाली होती, हे वाचून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

पण कायद्यात ‘व्यक्ती’ असण्यात एवढं वाईट काय? कंपनीला करार करायचे असतात, कोर्टात जायचं असतं.

काहीच वाईट नाही. आपल्याकडे तर देवसुद्धा कायद्याने व्यक्ती आहे, देवस्थानच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, देवाच्या वतीने दावा लावता येतो. म्हणून कोणी देवाच्या नावाने मतदान करत नाही. मालमत्ता, करार, दावा यासाठी कायद्याने एक व्यक्ती मानायची आणि राज्य कोणी करावं हे ठरवायला जिवंत माणसं, ही रेघ आपल्याला सहज कळते. सिटिझन्स युनायटेडच्या निकालात जस्टिस स्टीव्हन्स यांनी लांबलचक असहमती लिहिली, तिचा गाभा हाच आहे की कंपनी समाजासाठी कितीही उपयोगाची असली तरी ती नागरिक नाही.

शहरांनी, गावांनी याविरुद्ध ठराव केले होते ना? त्याचं काय झालं?

खूप केले. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने डिसेंबर 2011 मध्ये, न्यूयॉर्क सिटीने जानेवारी 2012 मध्ये, शिवाय शेकडो लहान गावांनी. मोंटानामधल्या मिझूलात आणि कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये 2011 ला लोकांनी थेट मत दिलं, दोन्हीकडे चारातल्या जवळपास तिघांनी हो म्हटलं. आपल्या वॉशिंग्टन राज्यात 2016 ला आय-735 नावाचा प्रस्ताव सुमारे 63 टक्के मतांनी पास झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की घटनादुरुस्ती करा आणि लिहा की घटनेतले हक्क माणसांचे आहेत, कंपन्यांचे नाहीत, आणि पैसा म्हणजे भाषण नव्हे. सिएटलच्याच खासदार प्रमिला जयपाल असा दुरुस्तीचा प्रस्ताव काँग्रेसमध्ये वारंवार मांडतात.

झालं काय, तर अजून काही नाही. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर 38 राज्यांची मान्यता लागते. सप्टेंबर 2014 मध्ये सिनेटमध्ये अशाच एका दुरुस्तीवर 54-42 मतं पडली, 60 लागत होती चर्चा संपवून पुढे जायलाच, तिथेच ती अडकली. मोंटानाची कथा तर आणखी वाईट : तिथे तांब्याच्या खाणमालकांनी अख्खं राज्य विकत घेतलं होतं, त्या अनुभवातून 1912 मध्ये लोकांनी कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी आणली, शंभर वर्षं ती टिकली, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2011 च्या शेवटी ती उचलूनही धरली, आणि जून 2012 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सुनावणीही न घेता 5-4 ने ती मोडली.

ठराव वाया जातात असं मी म्हणणार नाही, त्यातून लोकांना काय हवंय ते कागदावर येतं. पण कौन्सिलने ठराव करून थांबू नये. तिच्या स्वतःच्या अधिकारात जे बसतं ते आधी करावं. सिएटलने हे केलं म्हणून मला हे उदाहरण सांगावंसं वाटतं.

मग सिएटलने नक्की काय केलं?

13 जानेवारी 2020 ला कौन्सिलने एकमताने एक ऑर्डिनन्स (म्हणजे शहराचा कायदा) पास केला, मांडला होता तेव्हाच्या कौन्सिल प्रेसिडेंट लोरेना गोंझालेझ यांनी. ज्या कंपनीत एका परदेशी मालकाचा 1 टक्का किंवा जास्त वाटा आहे, किंवा सगळे परदेशी मालक मिळून 5 टक्के किंवा जास्त, किंवा ज्या कंपनीचे इथले राजकीय खर्चाचे निर्णय घेण्यात परदेशी माणूस सहभागी आहे, त्या कंपनीने सिएटलच्या इलेक्शनमध्ये पैसा घालायचा नाही. उमेदवारालाही नाही, पॅकलाही नाही.

युक्ती लक्षात घ्या. कंपनीला हक्क आहे की नाही या वादात शिरलेच नाहीत. परदेशी माणसाने अमेरिकेच्या निवडणुकीत पैसा घालायचा नाही हा कायदा जुना आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेही मान्य केलाय. मग परदेशी माणसाचाच पैसा कंपनीच्या तिजोरीतून आला तर तो चालतो कसा, एवढाच प्रश्न कौन्सिलने विचारला. उबरमध्ये 2016 ला सौदीच्या सरकारी फंडाने 3.5 अब्ज डॉलर घातले, मोठ्या लिस्टेड कंपन्यांत परदेशी मालकी 5 टक्क्यांच्या वर जाणं अगदी कॉमन. म्हणजे हा नियम जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांना लागतो.

अशीच कल्पना आधी फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गने 2017 मध्ये आणली होती, तिथे मर्यादा 5 आणि 20 टक्के होती, सिएटलने जास्त कडक केली.

पॅकला कोणी किती द्यायचं यावरही मर्यादा येणार होती ना?

हो, 5,000 डॉलरची. तो भाग बाजूला ठेवला गेला. कारण सिएटल ज्या नाइन्थ सर्किट अपील कोर्टाखाली येतं त्या कोर्टाने 2010 मध्येच कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराची अशीच मर्यादा फेटाळली होती. कोर्टात शहर हरलं तर समोरच्याच्या वकिलाचे पैसेही शहरालाच भरायला लागतात, शेवटी आपल्याच टॅक्समधून.

परदेशी मालकीचा नियम तरी कोर्टात टिकेल का?

हा सगळ्यात कच्चा दुवा. मिनेसोटाने 2023 मध्ये सिएटलसारखाच 1 आणि 5 टक्क्यांचा कायदा राज्यभर आणला, आणि डिसेंबरमध्येच फेडरल जजने त्याला स्थगिती दिली. आक्षेप असा की 1 टक्का परदेशी शेअरहोल्डर असला म्हणून 99 टक्के अमेरिकन मालकांची तोंडं बंद करायची का. प्रश्न फालतू नाही. कायद्याच्या बाजूने उत्तर असं की तेव्हाच्या शेअर बाजाराच्या नियमांनुसार 1 टक्का शेअर असलेला मालक कंपनीच्या सभेत प्रस्ताव मांडू शकत होता, म्हणजे तेवढ्या वाट्यालाही वजन असतं. मला हे पटतं, पण जजना पटेल याची खात्री कोणी देऊ नये.

मी एच-1बी वर आहे. नगरसेवकाला 25 डॉलर दिले तर चालतील?

नाही! कृपया देऊ नका. फेडरल कायद्याने एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या सगळ्यांना फेडरल, राज्य आणि लोकल अशा प्रत्येक इलेक्शनमध्ये पैसे द्यायला आणि खर्च करायला बंदी आहे. ब्लुमन खटल्यात हाच मुद्दा होता, तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहून काम करणाऱ्या दोघांनी बंदीला आव्हान दिलं, 2011 मध्ये हरले, जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. विनामोबदला प्रचाराला मदत करू शकता, फोन करा, पत्रकं वाटा. ग्रीन कार्ड असेल तर पैसे देता येतात, मत देता येत नाही.

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच. आपला एखादा मुलगा दहा-बारा वर्षं इथे राहतो, टॅक्स भरतो, मुलं इथल्या शाळेत, ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारा व्हायची वेळ, त्याने स्वतःच्या खिशातून 25 डॉलर दिले तर कायदा मोडला. आणि तो ज्या कंपनीत राबतो तिच्यात परदेशी फंडांचा पैसा असला तरी सिएटलसारखा नियम नसेल तिथे ती 10 लाख देऊ शकते, आणि त्याला हक्क म्हणायचं. एक तर त्यालाही देऊ द्या किंवा तिलाही थांबवा.

क्षमा सावंत मराठी आहेत का? त्यांचा यात काय रोल?

जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, मुंबई विद्यापीठातून कॉम्प्युटर शिकल्या, घरचे मूळचे तमिळ. 2013 ला समाजवादी म्हणून कौन्सिलवर निवडून आल्या आणि 2023 च्या शेवटपर्यंत होत्या. जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिएटल झालं, फेब्रुवारी 2023 मध्ये, तो प्रस्ताव त्यांचाच. कंपन्यांवर टॅक्स लावा ही त्यांची जुनी मागणी, त्यामुळे 2019 ला चेंबरच्या पॅकने त्यांच्याविरुद्ध उभे असलेल्या इगन ओरायन यांच्यामागे जोर लावला. पहिल्या रात्रीच्या मोजणीत त्या जवळपास 8 टक्के मागे होत्या. इथे मतदान पोस्टाने होतं, मोजणी बरेच दिवस चालते, पुढच्या मोजणीत त्या वर आल्या आणि जिंकल्या. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण त्या निकालाचा शहराच्या राजकारणावर झालेला परिणाम नाकारता येत नाही.

म्हणजे अमेझॉन हरलं. मग पैशाने फरक पडत नाही हेच सिद्ध झालं की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं यावर ठाम मत आहे.

सातातल्या पाच ठिकाणी चेंबरचे उमेदवार हरले, अॅलेक्स पेडरसन आणि डेबोरा वारेझ जिंकले. पण हरले का, तर रक्कम इतकी मोठी आणि इतकी उघड होती की लोक चिडले आणि तो पैसाच इलेक्शनचा मुद्दा झाला. हाच पैसा हळूहळू, तीन वर्षं आधीपासून, दहा गटांतून आला असता तर? कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्येही 2014 ला शेव्हरॉनने स्वतःच्या रिफायनरीच्या गावात साधारण 30 लाख डॉलर ओतले, तिथेही त्यांचे उमेदवार हरले, कारण 2012 ची रिफायनरीची आग लोक विसरले नव्हते, हजारो लोक दवाखान्यात गेले होते. एवढा राग प्रत्येक गावात प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

आणि हार-जीत बाजूला ठेवा. 2018 च्या जूनमध्ये एकाही नगरसेवकाचा पराभव झालेला नव्हता, तरी टॅक्स मागे घेतला गेला. पुढच्या इलेक्शनला आपल्याविरुद्ध किती ओततील या भीतीने आजचं मत बदलतं, आणि तो परिणाम कुठल्याही निकालात मोजता येत नाही. नवं कौन्सिल आल्यावर जुलै 2020 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या जास्त पगारांवरचा जंपस्टार्ट टॅक्स 7-2 ने पास झाला, आधीच्या टॅक्सपेक्षा कितीतरी मोठा. तेच शहर, तीच कंपनी.

युनियनही पैसे ओततात, त्यांच्याबद्दल का नाही बोलत?

बोलतो की. 2019 लाच हॉटेल कामगारांच्या युनाइट हिअर युनियनने एका डिस्ट्रिक्टमध्ये भरपूर पैसे लावले होते. युनियनच्या पैशावरही मर्यादा असावी असंच माझं मत आहे. फरक एवढाच की युनियनचा नेता सभासद निवडतात आणि पैसा वर्गणीतून येतो. अमेझॉनचे हजारो कर्मचारी त्या इलेक्शनचे मतदार होते, 10 लाख कोणाला द्यायचे हे त्यांना कोणी विचारलं?

कंपन्यांची बाजू काय?

की आम्ही टॅक्स भरतो, नोकऱ्या देतो, आम्हाला मत नाही आणि कौन्सिल आमच्यावर टॅक्स लावते, मग बोलायचंही नाही का. 1978 च्या बेलोटी निकालात कोर्टाने साधारण असंच म्हटलं, की भाषण कोणाचं आहे यापेक्षा ते ऐकायचा लोकांचा हक्क मोठा. बोला ना, कौन्सिलच्या सभेत या, पत्र लिहा, पेपरात जाहिरात द्या की हा टॅक्स चुकीचा आहे. त्याला कोणाची ना नाही. पण तुमच्यावर टॅक्स लावायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसांच्या निवडीचा खर्च तुम्ही करू नका.

भारतात बरं आहे की वाईट?

मिश्र. आपल्याकडे महापालिकेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, राज्य निवडणूक आयोग ठरवतो, अमेरिकेत तशी सक्ती करताच येत नाही. (मर्यादा पाळली जाते का, हे तुम्ही मी दोघंही जाणतो.) पण कंपन्यांच्या देणगीवरची 7.5 टक्के नफ्याची मर्यादा 2017 ला काढली आणि इलेक्टोरल बाँड आणले, ते 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने रद्द केले, ती मर्यादा काढणंही रद्द केलं. मतदाराचा माहितीचा हक्क कोर्टाने वर ठेवला, अमेरिकेच्या अगदी उलट टोकाचा विचार. परदेशी मालकीबाबत मात्र आपण उलटे गेलो. मार्च 2014 मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की वेदांता गटाचे (मूळ कंपनी ब्रिटनमधली) पैसे घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनी परदेशी देणग्यांचा कायदा मोडला, तर 2016 मध्ये परदेशी देणगीची व्याख्याच बदलली आणि 2018 मध्ये ती मागच्या तारखेने, थेट 1976 पासून लागू केली.

डेमोक्रसी वाउचर म्हणजे काय? मला मिळतील का?

2015 मध्ये सिएटलच्या मतदारांनी आय-122 हा प्रस्ताव सुमारे 63 टक्के मतांनी पास केला आणि 2017 पासून हे सुरू झालं. शहरातल्या पात्र माणसाला 25 डॉलरची 4 वाउचर मिळतात, ती भाग घेणाऱ्या उमेदवाराला द्यायची, शहर त्याला तेवढे पैसे देतं. खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून, 2025 पर्यंत वर्षाला 30 लाख डॉलर होता. अमेझॉनने एका इलेक्शनला दिले त्याच्या फक्त दुप्पट! कोर्टात आव्हान झालं, 2019 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने योजना एकमताने योग्य ठरवली. उणीव एक आहे : वाउचर घेणाऱ्या उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची असते, आणि बाहेरचा पॅक ओतायला लागला की त्याला ती मर्यादा उठवून मागावी लागते, 2019 ला तसं बऱ्याच जणांनी केलं. सावंत यांनी तर त्या वर्षी वाउचर घेतलीच नाहीत.

पात्र कोण : वय 18 पूर्ण, राहणार सिएटल शहर, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. बेलव्ह्यू, रेडमंड, किर्कलँड, बॉथेलवाल्यांना नाही, ऑफिस सिएटलमध्ये असलं तरी नाही. मतदार यादीत नाव असेल तर इलेक्शनच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आपोआप पोस्टाने येतात. ग्रीन कार्डवाल्यांचं नाव यादीत नसतं, त्यांनी अर्ज करायला लागतो, आणि आपले बहुतेक लोक इथेच सोडून देतात. वाउचर विकणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे, आणि तुम्ही कोणाला दिलं हे जाहीर होतं. शहराची इलेक्शन विषम वर्षांत असतात, अर्ज त्याआधीच भरून ठेवा.